अनावर कोण झालं?

गोऱ्या साहेबांना मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. हे कळलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, साहेब मराठीतून शिव्या देतो का. आणि दुसरा, साहेबाला आपली भाषा खरोखर येते का. पहिल्याचं उत्तर असं की देतो, पण त्या मुन्शीने शिकवलेल्या नसतात. त्या तो घोडेवाल्याकडून शिकतो आणि त्याच सगळ्यांत शुद्ध बोलतो. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी धंदा काय तो सांगतो, कारण आता आमच्यासारखे मुन्शी फारसे उरले नाहीत. विलायतेहून नवा साहेब जिल्ह्यात आला की त्याला इथल्या भाषेची परीक्षा द्यावी लागे. मोडीतला अर्ज वाचायचा, इंग्रजी उताऱ्याचं मराठी करायचं, आणि शेवटी रस्त्यावरून बोलावून आणलेल्या कुणा खेडुताशी परीक्षकांसमोर गप्पा मारायच्या. नापास झाला तर बढती अडली. म्हणून साहेबलोक आमच्यासारख्याला ठेवत. मी राहायला कल्याणात. सकाळच्या गाडीने ठाण्याला उतरायचं आणि खाडीच्या अंगाला साहेबाचा बंगला असे तिथे जायचं. व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडलेल्या असत. साहेबाच्या खुर्चीला हात असत, माझ्या खुर्चीला नसत. बाकी आमच्यात फरक एवढाच की चूक तो करी आणि घाम मला फुटे.

नाना तऱ्हेचे विद्यार्थी मिळाले. एक जंगलखात्याचा साहेब फक्त आज्ञार्थ शिकला. 'आण', 'जा', 'तोड', 'थांब' यांवर त्याचं भागत असे; प्रश्नार्थक वाक्यांची आपल्याला कधी गरज पडेल असं त्याला वाटेचना. एक डॉक्टरसाहेब होता, त्याची सगळी मराठी रोग्यांकडून आलेली. एका लग्नाला बोलावलं तेव्हा मांडवात शिरताच त्याने नवरदेवाच्या वडिलांचा हात हातात घेतला आणि मोठ्या आपुलकीने विचारलं, "कुठे दुखतं?" वडील हुंड्याच्या बोलाचालीने आधीच बेजार होते. ते म्हणाले, "साहेब, कुठे म्हणून सांगू!" दोघांचं छान जमलं.

पण सांगायचं आहे ते लॅम्बसाहेबाबद्दल. या नावाचा अर्थ कोकरू. आमच्या लोकांनी त्याचं लांबसाहेब केलं. प्रत्यक्षात तो इतका ठेंगणा होता की घोड्यावर चढताना घोडा धरणाऱ्या मोतद्दाराला खाली वाकावं लागे. वय कोवळं, कातडी लाल, स्वभाव सरळ. माझ्याकडे आला तो एकदा नापास होऊन. आणि नापास झाला होता तो एका शब्दावर.

उताऱ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थाचं वर्णन होतं. त्याला इंग्रजीत 'इर्रिप्रेसिबल' म्हटलं होतं. आता 'प्रेस' म्हणजे दाबणं, चेपणं हे साहेबाला ठाऊक. तेव्हा त्याने धातू धरला, पुढे-मागे प्रत्यय लावले आणि मराठी केलं, 'न चेपता येणारा म्हातारा'. परीक्षकांत पुण्याचे एक शास्त्री होते. त्यांनी कागद खाली ठेवून विचारलं, "का बरं? त्यांच्या पायांना काही झालंय काय?"

साहेबाला तो विनोद कळला नाही, पण सगळे हसले हे कळलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. पहिल्याच दिवशी पुस्तक बाजूला सारून तो म्हणाला, "मुन्शी, आपण मला प्रथम हा शब्द शिकवावा. मग बाकी मराठी."

इथे 'आपण' ध्यानात ठेवा. मी माझ्या विद्यार्थ्यांना 'आपण' आणि 'तुम्ही' एवढंच शिकवत असे. 'तू' शिकवायचंच नाही. 'तू' त्यांना चाकर शिकवतातच. त्यामुळे लांबसाहेब कुत्र्यालाही "आपण बसावं" म्हणे.

तर शब्द. मी आधी इंग्रजी अर्थ नीट समजून घेतला. साहेबाने सांगितलं की हा दोष नाही आणि नुसता गुणही नाही. काही माणसांच्या अंगात असं चैतन्य असतं की कितीही दाबलं, दटावलं तरी ते वर उसळतं. पाण्यात बुडवलेला भोपळा सुटून वर यावा तसं. ऐकणाऱ्याला राग येतो आणि हसूही येतं. हसण्यालाही हाच शब्द लावतात, माणसालाही लावतात.

मी म्हटलं, सोपं आहे, आणि तिथेच फसलो. 'अनावर' म्हटलं तर तो हसण्याला चालतो, रडण्याला चालतो, झोपेला आणि रागाला चालतो. पण 'अनावर म्हातारा' म्हटलं की कानाला खटकतं. अवखळ पोर असतं, वासरू असतं, ओढा असतो. म्हातारा अवखळ म्हटला तर घरचे लोक भांडायला येतील. द्वाड लहान मुलाला म्हणतात, तेही जवळच्याने. मस्तवाल हा बैल. बेफाम हा घोडा किंवा जमाव. उच्छृंखल म्हणजे ज्याच्याबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहितात तो तरुण. साहेब भराभर लिहून घेत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता.

"मुन्शी, हे सारं एकच आहे ना?"

"अर्थ जवळजवळ एक, साहेब. बिऱ्हाडं निराळी."

"आणि म्हातारा? त्या म्हाताऱ्याला मराठीत घर नाही?"

डोंबिवलीत माझे एक मामा होते. डोकं पांढरं, दात नाहीत, पण कैरीच्या दिवसांत झाडावर आणि शिमग्यात सोंगांच्या पुढे. त्यांना गावात काय म्हणतात याचा मी आठवडाभर विचार केला. मामींना विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांना काही म्हणून उपयोग नाही, एवढंच म्हणतात." मी साहेबाला हे सांगितलं. त्याने तेही लिहून घेतलं.

लिहून घेतलेलं साहेब वापरून बघे, हीच त्याची मोठी खोड. एकदा मामलेदार आपल्या मुलाला भेटीला घेऊन आले. मुलगा बिचारा चष्मेवाला, घाबरट, नमस्कार करतानाही जमिनीकडे बघणारा. साहेबाला त्याचं कौतुक करायचं होतं. तो हसून म्हणाला, "मामलेदार, आपले चिरंजीव फार मस्तवाल आहेत." मामलेदारांचा चेहरा राखेसारखा झाला. सरकारच्या कानावर नेमकं काय गेलं असेल या विचाराने त्यांनी घरी जाऊन पोराची उलटतपासणी घेतली. मला मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन समजूत घालावी लागली. गंमत अशी की त्यानंतर त्या मुलाचा भाव गल्लीत चांगलाच वधारला.

परीक्षा जवळ आली. लांबसाहेब माजिस्ट्रेटचं कामही पाही, आणि त्याच्या मनाने घेतलं की एक खटला दुभाष्याशिवाय, सगळा मराठीतून, आपण स्वतः चालवायचा. सरावही होईल आणि धीरही येईल. मला म्हणाला, "आपण बाजूला बसावं. पण काही बोलू नये. मी पडलो तरी उठवू नये."

त्याने निवडलेला खटला कोळशेतच्या मिठागरावरचा होता. तिकडे खाडीच्या काठाने मिठाची आगरं. चिखलाचे चौकोनी वाफे, त्यांत खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हाने ते आटलं की मीठ ओढून काढायचं आणि टोपल्यांनी वाहायचं. काम आगरी लोकांचं. वाहणं बहुतेक बायांकडे. मिठावर सरकारचा कर, तेव्हा बायांनी लुगड्यात मूठभर मीठ लपवून नेऊ नये म्हणून बांधावर सरकारी शिपाई झडती घेई. या शिपायाचं नाव रावजी. साताऱ्याकडचा, उतारवयाचा, भारदस्त पोटाचा आणि त्याहून भारदस्त आवाजाचा. त्याची फिर्याद होती चांगुणा नावाच्या बाईवर.

फिर्याद मराठीत, पण साहेबासमोर तिचं इंग्रजी भाषांतर ठेवलेलं होतं. ते एका नव्या कारकुनाने केलेलं. त्यात म्हटलं होतं की शिपाई बांधावर कर्तव्य बजावत असता पडला, त्यासरशी ही बाई अनावर झाली, पाठोपाठ इतर बायाही तशाच झाल्या आणि झडती घेणं अशक्य झालं. वाचून साहेबाच्या डोळ्यांसमोर दंगलच उभी राहिली. सरकारी माणसाच्या कामात अडथळा, तोही टोळीने. कैद होण्यासारखी गोष्ट होती. शिवाय मिठागराच्या मालकाने सांगून ठेवलं होतं की चांगुणेला शिक्षा झाली तर तिच्या सगळ्या टोळीने उद्यापासून येऊ नये. ऐन मिठाचा हंगाम. तिचा नवरा तापाने अंथरुणाला खिळलेला. टोळीतल्या बाया कचेरीच्या ओट्यावर एका रांगेत बसल्या होत्या.

चांगुणा आत आली. वय तिशीच्या आतलं, अंग उन्हाने रापलेलं. साहेब तिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, आपण पुढे यावं."

ती होती तिथेच उभी. मग तिने मान वळवून मागे पाहिलं.

"आपण, आपण," साहेब म्हणाला.

"कोन, मी?" ती म्हणाली. "सायबा, मना 'आपन' नको बोलू. मागं कोन मोठी बाई उभी हाय का काय, असा वाटतं."

शिरस्तेदार खेकसले. हे कचेरीतले मुख्य कारकून. साहेब येतात-जातात, कचेरी आपल्यावर चालते असं त्यांचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. साहेबाने त्यांना हाताने थांबवलं आणि कागद बघत, एकेक शब्द जुळवत विचारलं, "त्या दिवशी आपण अनावर झालात काय?"

चांगुणेला काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "मी टोपली घेऊन उभी व्हते, सायबा."

"आपण शिपायाला मारलं?"

"नाय."

"ढकललं?"

"डोक्यावर मिठाची टोपली व्हती. हालले असते तं तीच परली असती."

साहेब गोंधळला. त्याने रावजीकडे मोर्चा वळवला. रावजी ताठ उभा राहून बोलू लागला. आपण बांधावरून चाललो होतो, बांध ओला होता, पाय सरकला, आपण वाफ्यात पडलो. पुढचं तो गिळूनच टाकत होता.

"मग काय झालं?" साहेबाने विचारलं.

"मग अनावर झालं, साहेब."

मी खुर्चीत सावरून बसलो. साहेब कागदाकडे बघत होता, त्याची पेन्सिल मध्येच थांबली. त्याने मान वर केली.

"काय म्हणालात?"

"अनावर झालं, साहेब."

"झाली?"

"झालं, साहेब."

लिंगांनी त्या बिचाऱ्याला काय छळलं होतं ते मला ठाऊक. खुर्ची ती का, टेबल ते का, आणि जोडा तो का, यावर त्याने व्हरांड्यात अक्षरशः डोकं धरलेलं. आता तो टेबलावर हात आपटून उठला आणि भर कचेरीत माझ्याकडे बघून ओरडला, "मुन्शी! नपुंसकलिंग!"

सगळी कचेरी चमकली. रावजीला तर हा आपल्यावरच काही आरोप आहे असं वाटून तो दचकलाच. साहेबाचा चेहरा मात्र दिवा लावल्यासारखा उजळला होता. "बाई स्त्रीलिंगी. बाई अनावर झाली. हे म्हणतात, झालं. म्हणजे बाई नाही! दुसरं काही! शिपाई, काय अनावर झालं?"

रावजीने अंगरखा खाली ओढला.

"काय अनावर झालं, ते आपण सांगावं."

रावजीने आढ्याकडे पाहिलं. "हसू, साहेब," तो म्हणाला.

मागे एक कारकून खोकला. हा तोच नवा कारकून. पुढे त्याने मला खासगीत सांगितलं की 'हसू' हा शब्द सरकारी कागदात शोभेना, म्हणून त्याने तो वगळला. एवढं केल्यावर अनावर व्हायला वाक्यात बाईखेरीज कुणी उरलंच नाही.

मी मनातल्या मनात नाचत होतो. माझ्या विद्यार्थ्याने एका अनुस्वारावरून माणूस सोडवला होता! पण शिरस्तेदार पुढे झाले. म्हणाले, "साहेब, सरकारी शिपायाला हसणं हाही अडथळाच. ही हसली म्हणून बाकीच्या हसल्या, आणि झडती राहिली. गुन्हा आहे तो आहेच." आणि कायद्याच्या पुस्तकावर बोट ठेवून उभे राहिले. ओट्यावरच्या बायांना शब्द कळले नाहीत, पण शिरस्तेदारांचं बोट कळलं.

साहेब पुन्हा बसला. म्हणाला, "मग हसण्याचं कारण पाहिलं पाहिजे." आणि चांगुणेला म्हणाला, "बाई, शिपाई पडले तेव्हा आपण काय पाहिलं, ते सांगावं."

ती खाली मान घालून म्हणाली, "तो चिखलान परला. उठला. मंग पुना परला." एवढं बोलून तिने पदराचा बोळा तोंडात धरला, कारण ते सगळं तिच्या डोळ्यांपुढे परत उभं राहिलं होतं. खांदे हलायला लागले. मी मनात म्हणत होतो, अगं बाई, आता नको. आता नको!

साहेबाने मघाचा कागद पाहिला. त्यात रावजीचं पागोटं डोक्यावरून उडून वाफ्यातल्या पाण्यावर तरंगत होतं अशी हकिकत होती. साहेबाला तेच विचारायचं होतं. पण पागोटं हा शब्द त्याच्या जिभेवरून निसटला आणि त्याच्या जागी त्याच अक्षराने सुरू होणारा दुसरा शब्द येऊन बसला. अत्यंत गंभीर चेहऱ्याने, स्पष्ट उच्चार करत, त्याने विचारलं, "बाई, त्या वेळी शिपायांचं पोट पाण्यावर तरंगत होतं काय?"

सगळ्यांच्या नजरा रावजीच्या पोटाकडे गेल्या. रावजीने ते आत घेतलं; पण ते कुठवर आत जाणार!

चांगुणेने तोंडातला पदर काढला. खोटं बोलायचं नाही अशी तिने शपथ घेतली होती. ती म्हणाली, "तां पन तरंगत व्हतां, सायबा. पागोट्याच्या आगोदर तांच वर आयलां."

मग जे झालं त्याला मराठीत एकच शब्द आहे, आणि तो मीच साहेबाला शिकवला होता. पट्टेवाले हसले, कारकून हसले, ओट्यावरच्या बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. चांगुणा तर पिंजऱ्याच्या कठड्याला धरून खाली बसली. रावजी एकटा ताठ उभा होता. शिरस्तेदार "न्यायासनाचा अपमान! न्यायासनाचा अपमान!" असं ओरडत होते, आणि ओरडता ओरडता त्यांचा आवाजही फाटत होता.

साहेब हसला नाही. त्याला कळलंच नव्हतं. पण सगळे हसतात हे त्याला दिसत होतं, आणि मागच्या परीक्षेत हेच झालं होतं. त्याचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. मला भीती वाटली ती माझ्या नोकरीची नाही. अशा वेळी अपमान झालेला माणूस हातात असेल ती सत्ता वापरतो. समोर चांगुणा होती, तिच्या मागे ती बायांची रांग होती, आणि त्या क्षणी साहेबाच्या लेखणीच्या एका फटक्यात सगळ्या गेल्या असत्या.

त्याने हात वर केला. कचेरी कशीबशी शांत झाली. तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजी टाकून मराठीतच म्हणाला, "मुन्शी, आता आपण बोलावं. लोक का हसतात?"

मी उठलो. आयुष्यात अनेकांच्या चुका मी सुधारल्या, पण त्या व्हरांड्यात, दोन खुर्च्यांमध्ये. कचेरीभर लोकांसमोर, माजिस्ट्रेटच्या खुर्चीतल्या साहेबाची चूक सांगायची वेळ मला आली नव्हती. मी म्हणालो, "साहेब, आपल्याला पागोटं म्हणायचं होतं. पागोटं म्हणजे हे," आणि माझ्या डोक्यावरच्याला हात लावला. "आपण पोट म्हणालात. पोट म्हणजे…" पुढे मला सांगवेना. मी आपल्या पोटावर हात ठेवला.

साहेबाने माझ्या पोटाकडे पाहिलं. मग हळूच रावजीच्या पोटाकडे पाहिलं. मग त्याने मान खाली घातली आणि ओठ दाबून धरले. लेखणी दातांत धरली. त्याने कागद तोंडासमोर धरला तर कागद थरथरायला लागला. आणि मग तो हसला. असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, खुर्ची मागे सरकली. दोनदा तो थांबला, दोनदा रावजीकडे नजर गेली आणि पुन्हा सुरू झाला. रुमालाने डोळे पुसून अखेर त्याने शिरस्तेदारांकडे पाहिलं आणि माझ्या हयातीत मी ऐकलेलं साहेबाच्या तोंडचं सगळ्यांत निर्दोष मराठी बोलला.

"शिरस्तेदार, मला आता हसू अनावर झालं. मी सरकारी कामात अडथळा केला काय?"

शिरस्तेदारांनी पुस्तकावरचं बोट काढून घेतलं. "छे छे, साहेब! आपण कसा कराल?"

"मग बाईंनीही केला नाही," साहेब म्हणाला. "बाई, आपण जावं. कामावर जावं."

चांगुणा उठली. जाताना तिने त्याला हात जोडले आणि म्हणाली, "सायबा, तुला आमची बोली झ्याक येते."

हे प्रशस्तिपत्र त्याने विलायतेला आईला कळवलं असं तो मला म्हणाला. पुढच्या परीक्षेत तो पास झाला, उच्चारांवर थोडी नाराजी आणि लिंगविचारावर खास शाबासकी घेऊन. त्या 'इर्रिप्रेसिबल' म्हाताऱ्याला चपखल मराठी शब्द मात्र मला अजून सापडलेला नाही. कुणा वाचकाला ठाऊक असल्यास कळवावा. मामा तर गेले. शेवटपर्यंत त्यांना काही म्हणून उपयोग झाला नाही.

हा खटला मी कितीतरी ठिकाणी रंगवून सांगितला आहे आणि दरवेळी लोक पोट धरून हसले आहेत. पण एक गोष्ट मी सांगत नसे. कचेरी रिकामी झाली तेव्हा रावजी होता तिथेच उभा होता. त्याला कुणी 'जा' म्हटलं नव्हतं. साहेब हसत आत गेला, शिरस्तेदार कागद गोळा करायला लागले, मीही आनंदाच्या भरात रावजीच्या शेजारून निघून गेलो. दारातून वळून पाहिलं तर तो डोक्यावरचं जुनं पागोटं काढून त्याच्या कडा नीट बसवत होता. तेवढं चित्र मनात राहिलं आणि अधूनमधून टोचत राहिलं.

पुढच्या हंगामात मिठाच्या खात्याचा एक साहेब माझ्याकडे शिकायला आला. त्याच्याबरोबर कोळशेतला जायचं झालं. साहेब आगर बघायला गेला आणि मी बांधावरच्या चौकीत सावलीला बसलो. आत रावजी होता. दोघेही थोडे अवघडलो. मग त्याने मडक्यातलं पाणी दिलं आणि आपणहूनच विषय काढला.

"मुन्शीबुवा, पडल्याचं मला काही नव्हतं हो. माणूस पडतोच. पण त्या दिवशी पागोटं नवं होतं. माझ्या लेकीनं सासरहून धाडलेलं, तांबडं. पहिल्यांदाच घातलं होतं. म्हटलं, बांधावरनं जाताना चार माणसं बघतील. तर ते गेलं पाण्यात, रंग उतरला, माझं तोंड तांबडं झालं, आणि त्यावर ह्या हसल्या. मला सोसलं नाही. तिरीमिरीत फिर्याद दिली. कैद-बिद व्हावी असं मनात नव्हतं. आणि कचेरीत पागोट्याचं कुणी विचारलंच नाही. विचारलं तेसुद्धा…"

मला हसू आलं नाही.

"मग पागोट्याचं काय झालं?" मी विचारलं.

"त्या चांगुणीनंच काढलं वाफ्यातून. त्याच दिवशी. गोड्या पाण्यात धुतलं. इथं गोडं पाणी लांबून आणावं लागतं बघा, बाया प्यायला पुरवून पुरवून वापरतात. निकाल झाल्यावर दुसऱ्या दिवशी घडी करून घेऊन आली. म्हणाली, 'काका, रंग गेला पन कापड चांगला हाय.' मी म्हटलं ठेव तिथं." त्याने डोक्यावर हात नेला. तांबडं म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. फिकट गुलाबी, मिठाच्या पाण्याने कुठे कुठे पांढरं पडलेलं. पण बांधलं होतं मोठ्या नेटकेपणाने.

इतक्यात झडतीची वेळ झाली. तो उठला, अंगरखा खाली ओढला आणि बाहेर पडला. मी दारात येऊन उभा राहिलो. बाया टोपल्या डोक्यावर घेऊन बांधाच्या पलीकडे ओळीने थांबल्या होत्या, पुढे चांगुणा. बांधाचा जो भाग ओला आणि निसरडा, तिथे कुणीतरी भाताचा तूस जाड पसरून ठेवला होता. मी नंतर विचारलं तेव्हा कळलं की चांगुणा तो घरून आणते आणि कामाला लागण्याआधी पसरते. रावजीने याबद्दल तिला कधी काही विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

रावजी तुसावरून निघाला. एकेक पाऊल जपून, छाती पुढे, नजर समोर. बायांनी माना खाली घातल्या होत्या. पलीकडे पोचल्यावर तो थांबला. त्याने मागे वळून सबंध बांधाकडे एकदा नीट पाहिलं, मग बायांकडे पाहिलं, आणि त्या भारदस्त आवाजात, जणू सरकारी दवंडी द्यावी तसं म्हणाला, "आज काही पडलो नाही गं, बायांनो!"

आधी तोच हसला. मग चांगुणा, मग सगळी ओळ. डोक्यावरच्या टोपल्या हलल्या आणि मीठ भुरुभुरु बांधावर सांडायला लागलं. सरकारचं मीठ होतं, सांडलं तर हजेरी घेणं त्याचं काम होतं. पण रावजी डोळे पुसत होता, त्यामुळे त्याला ते दिसलं नाही.